राजमाता जिजाबाई करंडक

भारतातील राज्यसंघांच्या वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत विजेत्या संघास दिला जाणारा करंडक व त्यावरून त्या स्पर्धेस पडलेले नाव. ही स्पर्धा अखिल भारतीय फुटबॉल महासंघातर्फे १९९१ पासून भरविण्यात येऊ लागली. तिला राजमाता जिजाबाईंचे नाव मात्र २०२३ साली देण्यात आले. पुरुषांच्या राज्यसंघांसाठी १९४१ पासून संतोष करंडक स्पर्धा भरत आली. महिलांच्या स्पर्धेस त्या तोडीचे, स्वतंत्र व लक्षात राहणारे नाव मिळण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. स्पर्धेच्या आरंभीच्या फेऱ्या गटवार साखळी पद्धतीने आणि अखेरच्या फेऱ्या बाद पद्धतीने खेळविल्या जातात. करंडकावर महाराष्ट्रातील एका थोर स्त्रीचे नाव असले, तरी २०२४–२५ पर्यंतच्या विजेत्यांत महाराष्ट्राचे नाव आढळत नाही. या वस्तुस्थितीची कारणे पाहू जाता बाद पद्धतीचे गुणदोष, मैदानांची उपलब्धता आणि मुलींना वर्षाकाठी मिळणाऱ्या सामन्यांची संख्या या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

पूर्वेतिहास : स्त्रियांच्या फुटबॉलचा आधुनिक इतिहास हा मोठ्या प्रमाणात मैदान मिळण्या-न मिळण्याचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांनी संघ स्थापन केले. त्यांतील प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ कारखान्याचा संघ विशेष प्रसिद्धीस आला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सामना पाहण्यास सु. ५३,००० प्रेक्षक जमले होते. तथापि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचे ठरवून आपल्या सभासद क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत, असा ठराव केला. खेळावर प्रत्यक्ष बंदी घालण्याचा अधिकार संघटनेस नव्हता. पण मैदान नाकारल्याने परिणाम तोच झाला. हा निर्बंध उठण्यास सु. पन्नास वर्षे लागली. पश्चिम जर्मनीतही १९५५ ते १९७० या काळात असाच निर्बंध होता आणि ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्यानेच मनाई होती. इंग्लंडमधील महिलांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेचा पहिला अंतिम सामना ९ मे १९७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे झाला. त्यात साउथॅम्प्टनने स्कॉटलंडच्या स्ट्यूअर्टन थिसल संघाचा ४–१ असा पराभव केला. जपानची राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७९ मध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून तीत सम्राज्ञीच्या नावाचा करंडक देण्यात येऊ लागला. स्पर्धा आधी आणि मानाचे नाव नंतर, हा क्रम भारतापुरताच मर्यादित नाही, हे यावरून दिसून येते.

भारतात महिलांच्या फुटबॉलला संघटित रूप १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघाच्या स्थापनेने आले. त्याच वर्षी लखनौ येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तीत अवघे सहा संघ होते. असे असूनही १९८० मध्ये कोझिकोडे (कालिकत) येथे भरलेल्या आशियाई महिला स्पर्धेत भारताने अंतिम फेरी गाठली. तीत चिनी तैपेईकडून (तैवान) भारताचा ०–२ असा पराभव झाला. १९८३ मध्ये बँकॉक येथेही भारत उपविजेता ठरला. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत. यानंतर मात्र स्वतंत्र महिला संघटनेचे काम मंदावले आणि १९९० नंतर महिलांचे फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कक्षेत आले. १९९१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली त्याच वर्षी, महासंघाने वरिष्ठ राष्ट्रीय महिला स्पर्धेस आरंभ केला. पुढील काळात काही वर्षे स्पर्धा भरू शकली नाही. १९९१ ते २०२४–२५ या अवधीत ती एकूण २९ वेळा झाली.

स्पर्धापद्धती : बाद पद्धतीत पराभूत संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जातो. कितीही संघ असले, तरी एका संघाखेरीज बाकी सर्वांनी प्रत्येकी एकदा हरावयाचे असते. म्हणून एकूण सामन्यांची संख्या संघांच्या संख्येहून एकाने कमी भरते. आठ संघांना ७ आणि सोळा संघांना १५ सामने पुरतात. संघांची संख्या २, ४, ८, १६ या श्रेणीत न बसल्यास काही संघांना पहिल्या फेरीत ‘पुढे चाल’ दिली जाते. या पद्धतीत वेळ, पैसा व मैदान यांची बचत होते आणि प्रत्येक सामना निर्णायक असल्याने प्रेक्षकांची उत्कंठा टिकून राहते.

तिचे दोषही तितकेच उघड आहेत. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. त्यामुळे एखादी चूक, एखादी पेनल्टी किक वा ओल्या मैदानावर घसरलेला एखादा चेंडू सरस संघाला बाद करू शकतो. याहून महत्त्वाचा दोष असा की, पहिल्याच फेरीत निम्मे संघ एकेक सामना खेळून घरी परततात. ज्या संघाला अनुभवाची सर्वाधिक गरज असते, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो, म्हणून ती अधिक न्याय्य ठरते. पण आठ संघांच्या साखळीस २८ सामने लागतात. या दोहोंचा मेळ म्हणून संघांचे गट पाडून गटांतर्गत साखळी व त्यानंतर गटांतील अग्रेसर संघांत बाद सामने, ही मिश्र पद्धत सर्वत्र रूढ झाली. आठ संघांचे दोन गट केल्यास १२ साखळी सामने, दोन उपांत्य व एक अंतिम मिळून १५ सामने होतात आणि सर्वांत दुर्बळ संघासही तीन सामने मिळतात.

बाद फेरीत सामना बरोबरीत सुटणे परवडत नाही. नियमित वेळ ९० मिनिटांचा असतो. त्यात निर्णय न लागल्यास सामान्यतः ३० मिनिटांचा जादा वेळ देतात. काही स्पर्धांत तो गाळला जातो. तरीही बरोबरी राहिल्यास गोलरेषेपासून सु. ११ मी. अंतरावरून दोन्ही संघांना प्रथम प्रत्येकी पाच पेनल्टी किक मिळतात. कोझिकोडे येथे डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या अंतिम सामन्यात मणिपूर व रेल्वे या दोन्ही संघांना गोल करता आला नाही. पेनल्टी किकांवर मणिपूरने २–१ अशी सरशी मिळविली.

२०२२–२३ चा हंगाम : जिजाबाईंच्या नावाने झालेली ही पहिली आणि एकूण क्रमाने सत्ताविसावी स्पर्धा. राज्यसंघांचे गट पाडून प्रथम निरनिराळ्या केंद्रांवर प्राथमिक फेरी घेण्यात आली. अंतिम टप्प्यास पात्र ठरलेले १२ संघ जून २०२३ मध्ये अमृतसर येथे एकत्र आले. सहा-सहा संघांचे दोन गट करण्यात आले. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्य फेरीत गेले. दोन्ही गटांचे मिळून ३० साखळी सामने, दोन उपांत्य व एक अंतिम, अशी ३३ सामन्यांची ही आखणी होती. हेच बारा संघ निव्वळ बाद पद्धतीने खेळले असते, तर ११ सामन्यांत निकाल लागला असता. मात्र काही संघांना शेकडो किमी. प्रवास करून एकाच सामन्यावर समाधान मानावे लागले असते. प्रत्यक्षात प्रत्येक संघास किमान पाच सामने मिळाले. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघांना दोन आठवड्यांच्या सुमारास सात सामने खेळावे लागले. जूनमधील पंजाबचा उन्हाळा लक्षात घेता हा शारीरिक ताण लहान नव्हता. अशा स्पर्धेत पहिल्या अकरा खेळाडूंइतकेच राखीव खेळाडूंचे बळही निर्णायक ठरते.

२८ जून रोजी झालेल्या अंतिम सामन्यात तमिळनाडूने हरयाणाचा २–१ असा पराभव करून करंडक जिंकला. तमिळनाडूचे हे दुसरे अजिंक्यपद होते. पहिले या संघाने २०१७–१८ च्या स्पर्धेत कटक येथे मणिपूरला २–१ असे हरवून मिळविले होते. या हंगामाचे वैशिष्ट्य असे की, अंतिम सामन्यातील दोन्ही संघ महिला फुटबॉलच्या जुन्या केंद्रांबाहेरचे होते. मणिपूर व बंगाल यांच्यापैकी एकही संघ अंतिम सामन्यात नव्हता.

पुढील दोन्ही हंगामांत करंडक मणिपूरकडे गेला. मे २०२४ मध्ये कोलकाता येथे त्या संघाने हरयाणावर २–० असा आणि २०२४–२५ च्या स्पर्धेत छत्तीसगढमधील नारायणपूर येथे ओडिशावर १–० असा विजय मिळविला. अशा स्पर्धेत संघांची बलाबलानुसार दोन श्रेणींत विभागणीही करता येते. दुर्बळ संघांना बलाढ्य संघांकडून मोठ्या गोलफरकाने हरण्याऐवजी समतोल प्रतिस्पर्धी मिळावेत आणि चांगल्या कामगिरीने वरच्या श्रेणीत जाता यावे, हा अशा विभागणीचा लाभ होय.

विजेते संघ व त्यांच्या यशाची कारणे : २०२४–२५ पर्यंतच्या २९ स्पर्धांपैकी मणिपूरने २३, बंगाल व तमिळनाडू यांनी प्रत्येकी दोन आणि ओडिशा (२०१०–११) व रेल्वे (२०१५–१६) यांनी प्रत्येकी एक जिंकली. क्षेत्रफळाने व लोकसंख्येने लहान असलेल्या मणिपूरने एवढे वर्चस्व मिळवावे, ही भारतीय क्रीडाक्षेत्रातील एक लक्षणीय घटना आहे. तेथील वस्त्यावस्त्यांतून क्लब आहेत आणि मुलींचे खेळणे तेथे अपवादात्मक मानले जात नाही. ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन व क्रिप्सा (केआरवायपीएचएसए) यांसारख्या क्लबांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडविल्या आणि पोलीस दलाने त्यांतील अनेकींना नोकरी देऊन त्यांचे खेळाचे वय वाढविले. ओइनाम बेमबेम देवी (अर्जुन पुरस्कार २०१७, पद्मश्री २०२०) आणि २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून खेळावयास गेलेल्या ङांगोम बाला देवी या दोघी याच परंपरेतील होत.

रेल्वेचा संघ कोणत्याही एका राज्याचा नाही. नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या राज्यांतील खेळाडू तेथे एकत्र येतात. तमिळनाडूच्या यशामागेही क्लबांचे बळ आहे. मदुराईच्या सेतू संघाने २०१८–१९ ची भारतीय महिला लीग जिंकली होती.

हरयाणाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. भिवानी जिल्ह्यातील अलखपुरा या खेड्यातील सरकारी शाळेत मुलांना कबड्डी शिकविणाऱ्या क्रीडाशिक्षकाने मुलींच्या हाती फुटबॉल दिला. हळूहळू मुलींचा रोजचा सराव हा गावाचा शिरस्ता बनला. या शाळेच्या संघाने सुब्रतो करंडकाच्या मुलींच्या गटात यश मिळविले आणि गावाच्या नावाचा क्लब २०१६–१७ च्या पहिल्या भारतीय महिला लीगमध्ये उतरला. लागोपाठ दोन वर्षे (२०२३ व २०२४) जिजाबाई करंडकाच्या अंतिम सामन्यात खेळणारे हरयाणा हे राज्य पूर्वी फुटबॉलसाठी ओळखले जात नव्हते. मोठे शहर, क्रीडासंकुल वा जुनी परंपरा यांवाचूनही एखादे खेडे मुलींचे फुटबॉल उभे करू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्र : महाराष्ट्रास फुटबॉलची परंपरा जुनी आहे. मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि पश्चिम भारत फुटबॉल संघटनेची (विफा) स्थापना १९११ मध्ये झाली. कोल्हापूर येथे पेठांतील तालीम मंडळांनी कुस्तीबरोबर फुटबॉलही जोपासला आणि शाहू स्टेडियमवरील सामने हा त्या शहराच्या जीवनाचा भाग बनला. तथापि ही परंपरा प्रामुख्याने पुरुषांची होती. तालीम, पलटण, गिरणी, बंदर व महाविद्यालय या ज्या संस्थांतून पुरुषांचे फुटबॉल वाढले, त्यांत स्त्रियांना एक तर प्रवेश नव्हता किंवा तो उशिरा मिळाला. महिलांचे क्लब येथे अलीकडच्या काळात दिसू लागले. २०१९–२० च्या भारतीय महिला लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी व मुंबईचा केंकरे हे महाराष्ट्रातील दोन संघ खेळले.

मोठ्या स्पर्धांचे यजमानपद मात्र महाराष्ट्राकडे आले. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महिलांची आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाली. अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियास ३–२ असे हरविले. यजमान भारताचा इराणविरुद्धचा पहिला सामना ०–० असा सुटला. त्यानंतर करोनाच्या संसर्गामुळे संघ उभा करता न आल्याने भारतास स्पर्धा सोडावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबई, मडगाव व भुवनेश्वर येथे झाले आणि नवी मुंबईतील अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियावर १–० असा विजय मिळविला. यजमानपदामुळे अद्ययावत मैदाने तयार होतात व प्रेक्षकांना उत्तम खेळ पाहावयास मिळतो. परंतु गावोगावच्या मुलींना मिळणाऱ्या सामन्यांची संख्या तेवढ्याने वाढत नाही.

सिंधुदुर्ग व मालवण किनारा : मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या प्रदेशातील मुलींना या करंडकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कसा आहे, हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उदाहरणाने समजून घेता येते. ज्या जलदुर्गावरून जिल्ह्यास नाव मिळाले, तो मालवणसमोरील कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला जिजाबाईंचे पुत्र छत्रपती शिवाजी महाराज यांनी १६६४–६७ या काळात बांधविला. रत्नागिरी जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा फुटबॉलच्या दोन प्रसिद्ध केंद्रांच्या मध्ये वसलेला आहे. पूर्वेस सह्याद्रीपलीकडे कोल्हापूर व दक्षिणेस गोवा. सावंतवाडी व दोडामार्ग हे तालुके गोव्याला लागूनच आहेत. तथापि राज्यसंघाची निवड राज्यसंघटनेमार्फत होत असल्याने येथील खेळाडूचा मार्ग जवळच्या गोव्याकडे न जाता घाटावरच्या दिशेने जातो. शालेय क्रीडास्पर्धांसाठीही सिंधुदुर्ग जिल्हा कोल्हापूर विभागात मोडतो आणि मालवण ते कोल्हापूर हे अंतर रस्त्याने सु. दीडशे किमी. आहे.

जिल्ह्यात क्रिकेट, कबड्डी व खो-खो हे खेळ अधिक रूढ आहेत. फुटबॉलच्या प्रसारास पहिली अडचण येते ती भूरचनेची. पूर्ण आकाराचे मैदान ९० ते १२० मी. लांब व ४५ ते ९० मी. रुंद असावे लागते. किनारपट्टीत एवढी सपाट जमीन तीन ठिकाणी आढळते : जांभ्या दगडाचे सडे, भातशेतीचे मळे आणि समुद्रकाठची पुळण. सड्यावर कातळ उघडा पडलेला असल्याने पडल्यास इजा होते. मळे भातकापणीनंतरच मोकळे होतात व जमीन भेगाळलेली असते. पुळणीवरील ओली वाळू ओहोटीच्या वेळी खेळण्याजोगी टणक होते. पण भरतीबरोबर हे मैदान नाहीसे होते आणि उरलेल्या कोरड्या वाळूत होड्या, जाळी व रापणीचे काम यांची वर्दळ असते. वाळूवर पायांची ताकद वाढते, मात्र चेंडूची उसळी व घरंगळण निराळी असल्याने अचूक पास देण्याचा सराव तेथे पुरेसा होत नाही. पुळणीवरील फुटबॉल हा मान्यताप्राप्त स्वतंत्र खेळ असून तो ३५ ते ३७ मी. लांब व २६ ते २८ मी. रुंद क्षेत्रात, प्रत्येकी पाच खेळाडूंचे संघ करून खेळतात. किनाऱ्यावरील गावांस तो सोयीचा असला, तरी अकरा खेळाडूंच्या खेळाची जागा तो घेऊ शकत नाही. सपाट मैदाने मालवण, सावंतवाडी यांसारख्या शहरांत थोडी आहेत. त्यांवर निरनिराळ्या खेळांचा व समारंभांचा हक्क असतो. मुलींचा सराव या क्रमात शेवटी येतो.

दुसरी अडचण ऋतुमानाची. जिल्ह्यात वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. शालेय फुटबॉलचे स्थानिक सामने मुख्यत्वे याच काळात होतात, कारण सुब्रतो करंडकाच्या दिल्लीतील सामन्यांपूर्वी राज्याचा विजेता ठरवावा लागतो. या स्पर्धेत मुलींचा गट २०१२ पासून सुरू झाला. जून महिन्यात शाळा उघडल्यावर पावसात संघ जमवून काही आठवड्यांतच जिल्हा स्पर्धेस उतरावे लागते. ऑक्टोबरनंतर मैदान कोरडे व हवा चांगली असते, तेव्हा स्पर्धा संपलेल्या असतात.

तिसरी व सर्वांत मूलभूत अडचण स्पर्धापद्धतीची आहे. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य या शालेय स्पर्धांच्या पायऱ्या सामान्यतः बाद पद्धतीच्या असतात. सिंधुदुर्गात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा मुलींचा एक संघ जिल्हा स्पर्धेस आला, असे मानल्यास सात सामन्यांत विजेता ठरतो. चार संघ एकेका सामन्यानंतर, दोन संघ दोन सामन्यांनंतर परततात आणि केवळ दोन संघांना तीन सामने मिळतात. म्हणजे निम्म्या मुलींच्या वाट्याला जिल्हा पातळीवर वर्षभरात एकच सामना येतो. देवगड वा वैभववाडीहून पावसात प्रवास करून आलेल्या संघाचा हंगाम तासाभरात संपतो. पुढच्या वर्षी त्यांतील काही मुली वयाची मर्यादा ओलांडतात, काहींची शाळा सुटते आणि संघ पुन्हा नव्याने बांधावा लागतो. घरून मिळणारी परवानगीही अशा वेळी डळमळते. एका सामन्यासाठी एवढी यातायात कशाला, हा पालकांचा प्रश्न गैरवाजवी म्हणता येत नाही.

उपाय : करंडकाच्या अंतिम टप्प्यात जी सुधारणा झाली, तीच खालच्या पायऱ्यांवर करणे शक्य आहे. आठ संघांचे दोन गट केल्यास पूर्वी दाखविल्याप्रमाणे १५ सामने होतात. हे बाद पद्धतीच्या सात सामन्यांच्या दुपटीहून एकानेच अधिक आहेत आणि त्यात प्रत्येक संघास किमान तीन सामने मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत लगतच्या तालुक्यांची छोटी साखळी भरविल्यास मैदान व प्रवास या दोन्ही अडचणी सौम्य होतात. मैदान पूर्ण आकाराचे नसेल, तेथे सात-सात खेळाडूंचे सामने घेता येतात. लहान क्षेत्रात प्रत्येक खेळाडूचा चेंडूशी अधिक वेळा संबंध येत असल्याने शिकाऊ मुलींना ते हितकारकच ठरते. फुटबॉलला साहित्य थोडे लागते. चेंडू ६८ ते ७० सेंमी. परिघाचा व ४१० ते ४५० ग्रॅ. वजनाचा असतो आणि संपूर्ण संघाचा सराव चारपाच चेंडूंवर चालू शकतो. खर्चापेक्षा मैदानावरील निश्चित वेळ, शिकविणारी व्यक्ती आणि पुरेसे सामने यांचीच उणीव अधिक भासते. मैदानाच्या वेळापत्रकात मुलींसाठी आठवड्यातील काही तास राखून ठेवणे हा यांतील सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.

महत्त्व : आंतरराष्ट्रीय क्षेत्रात भारतीय महिला फुटबॉलची पुन्हा प्रगती होऊ लागल्याची चिन्हे दिसतात. जुलै २०२५ मध्ये चिआंग माई येथे थायलंडचा २–१ असा पराभव करून भारतीय संघ २०२६ च्या आशियाई स्पर्धेस पात्र ठरला. पात्रता फेरीतून त्या स्पर्धेत प्रवेश मिळविण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती. १९८३ च्या उपविजेतेपदानंतर चार दशकांनी आलेले हे यश क्लब, लीग व राष्ट्रीय स्पर्धा यांतून खेळाडूंना मिळालेल्या सामन्यांवर उभे आहे. राजमाता जिजाबाई करंडक हा या शिडीचा वरचा टप्पा होय. त्यावर कोरले जाणारे नाव अंतिम सामन्याच्या ९० मिनिटांत ठरत असले, तरी त्या सामन्यास कोण पोहोचणार, हे खेड्यापाड्यांतील मुलींना किती सामने खेळावयास मिळतात, यावर पुष्कळ आधी ठरून गेलेले असते. मणिपूरच्या वस्त्या व हरयाणातील अलखपुरा यांनी हे सिद्ध केले आहे. महाराष्ट्रास या विजेत्यांच्या यादीत यावयाचे असल्यास मुंबई, पुणे व कोल्हापूर यांच्याबरोबर मालवणच्या पुळणीवरील मुलीलाही वर्षाकाठी एकाहून अधिक सामने मिळावे लागतील.